दूध, नाचणी, कॅल्शियम सगळं घेऊनही हाड का उसवतं?

वाचकाचं पत्र : ‘मी ४८ वर्षांची, सातारा जिल्ह्यातली. घरी शिवणकाम करते, ब्लाउज आणि शाळेचे गणवेश. तीन वर्षांपूर्वी सकाळी उठल्यावर बोटं आखडायला लागली, तपासणीत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला, अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम आहे आणि आठ महिन्यांपासून रोज प्रेडनिसोलोन साडेसात मिलिग्रॅम. मेथोट्रेक्सेट उष्ण पडते असं सगळे म्हणतात, म्हणून बरं वाटलं की मी ती सोडते आणि दुखलं की पेनकिलर घेते. पाळी दोन वर्षांपूर्वी गेली. परवा हाताचा एक्स-रे काढला, त्यावर “इरोजन” लिहिलंय. डेक्सा स्कॅनमध्ये मणक्याचा टी-स्कोअर उणे २.३ आलाय. मी रोज दोन कप दूध पिते, नाचणीची भाकरी खाते, कॅल्शियमची गोळी कधी चुकवत नाही. मग माझी हाडं का झिजतात? सकाळी मिश्री लावते, तेवढीच एक सवय. नणंद एका ठिकाणची पुडी आणून देते म्हणतेय, तिनं चार दिवसांत फरक पडतो. घेऊ का? आणि माझी मुलगी २२ वर्षांची आहे, तिलाही हे होईल का?’

ताई,

‘गोळी कधी चुकवत नाही, मग माझी हाडं का झिजतात?’ हे वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. त्यात तुम्ही स्वतःचीच चूक शोधताय. खाण्यात तुमची काही चूक नाही. हाडाला माल कमी पडलेला नाही. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्यानं होणारा संधिवात. हाड मोडण्याचा निरोप सतत जातोय, आणि तो तुमच्याच रोगप्रतिकारशक्तीकडून जातोय. तो निरोप थांबत नाही तोवर तुम्ही कितीही कॅल्शियम घेतलंत तरी ते तिथे टिकणार नाही.

तुम्ही शिवणकाम करता, म्हणून त्याच भाषेत सांगते.

हाड एकदा तयार झालं की तसंच राहतं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते रोज कुठेतरी उसवलं जातं आणि कुठेतरी पुन्हा शिवलं जातं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. उसवणाऱ्या पेशींचं नाव ऑस्टिओक्लास्ट, शिवणाऱ्यांचं ऑस्टिओब्लास्ट. उसवणारी पेशी हाडाला चिकटून बसते, आपली कड चहूबाजूंनी घट्ट लावून घेते आणि आतल्या बंद जागेत आम्ल सोडते. आम्लानं हाडातलं कॅल्शियम विरघळतं, आणि मागे राहिलेले प्रथिनांचे धागे एक एन्झाइम कापून टाकतं. हे काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं. तोच खड्डा पुन्हा भरायला मात्र तीन-चार महिने लागतात. एक शिवण ब्लेडनं उसवायला किती वेळ लागतो आणि तीच सरळ घालायला किती, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणूनच उसवणारे हात थोडे जरी वाढले तरी शिवणारे मागे पडतात.

आता या उसवणाऱ्या पेशी येतात कुठून? रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या ज्या घराण्यातून जंतू गिळणाऱ्या पेशी तयार होतात, त्याच घराण्यातून. रोगप्रतिकारशक्ती आणि हाड या दोन वेगळ्या खात्यांतल्या गोष्टी वाटतात, पण दोघांची मुळं अस्थिमज्जेत, एकाच ठिकाणी आहेत. त्यामुळे लढणाऱ्या पेशी एकमेकींना जे रासायनिक निरोप पाठवतात ते हाडातल्या पेशींनाही कळतात. या निरोप्या रेणूंना सायटोकाइन म्हणतात. कोविडच्या दिवसांत ‘सायटोकाइन स्टॉर्म’ हा शब्द पेपरात रोज यायचा, तेच हे.

उसवण्याचा सगळ्यात थेट निरोप ज्या रेणूकडून जातो त्याचं नाव रँक-एल. कच्च्या, अजून कामाला न लागलेल्या पेशीवर रँक नावाचं कुलूप असतं आणि रँक-एल ही त्याची किल्ली. किल्ली लागली की त्या पेशी एकमेकींत मिसळतात, त्यांची मोठी, अनेक केंद्रकांची उसवणारी पेशी होते आणि ती हाडाला जाऊन बसते. शरीरानं यावर तोडही ठेवली आहे. ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचा दुसरा रेणू ही किल्ली वाटेतच पकडतो आणि कुलपापर्यंत पोचू देत नाही. नावाचा अर्थच ‘हाडाचं रक्षण करणारा’ असा आहे. किल्ल्या जास्त की पकडणारे जास्त, यावर हाड घटणार की टिकणार हे ठरतं.

हे कळायला बरीच वर्षं गेली. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पाहिलं की पांढऱ्या पेशी ज्या द्रवात वाढवल्या तो द्रव हाडाच्या तुकड्यावर टाकला तर हाड विरघळायला लागतं. त्या पेशींनी द्रवात काहीतरी सोडलं होतं. त्यातला मुख्य घटक इंटरल्यूकिन-१ हा सायटोकाइन आहे, हे १९८५ मध्ये सिद्ध झालं. ऑस्टिओप्रोटेजेरिन सापडलं १९९७ मध्ये, दोन ठिकाणी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे : कॅलिफोर्नियातल्या ॲम्जेन या औषध कंपनीत आणि जपानच्या स्नो ब्रँड या दुधाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत. दूध विकणाऱ्यांनी हाडाचा अभ्यास करायला घेतला आणि त्यांच्या हाती हाडाचा राखणदार लागला, हे मला फार आवडतं. २००० साली या सगळ्या अभ्यासाला ऑस्टिओइम्युनॉलॉजी असं नाव पडलं.

आता तुमच्या हाताकडे येऊ.

तुम्ही पाठवलेला एक्स-रेचा फोटो मी मोठा करून पाहिला. तुमच्याकडे मूळ फिल्म आहे ना, ती दिवसा खिडकीशी धरा. उजव्या हाताची मूठ वळल्यावर तर्जनीच्या मुळाशी जो उंचवटा येतो, ते हाड शोधा. निरोगी हाडाला कडेनं एक बारीक, अखंड पांढरी रेघ असते, कापडाची कड पांढऱ्या दोऱ्यानं टिपून घ्यावी तशी. तुमच्या त्या हाडाच्या अंगठ्याकडच्या बाजूला ती रेघ तुटली आहे आणि आत छोटासा खळगा दिसतो, उंदरानं पापडाची कड कुरतडावी तेवढा. हेच इरोजन. शेजारच्या बोटाची रेघ अजून शाबूत आहे, तीही पाहा. मला तुमच्यासाठी आशा वाटते ती त्या शाबूत रेघेमुळे.

खळगा नेमका तिथेच का पडला? सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं आणि सांध्याला आतून पातळ अस्तर असतं. कूर्चा जिथे संपते आणि अस्तर जिथे हाडाला जोडलेलं असतं, तिथे हाडाची एक चिंचोळी पट्टी उघडी राहते. निरोगी माणसात हे अस्तर एक-दोन पेशींच्या जाडीचं असतं. तुमच्या आजारात ते सुजून दहा-दहा थरांचं होतं, त्यात लढणाऱ्या पेशी येऊन वस्ती करतात, आणि हे सुजलेलं अस्तर त्या उघड्या पट्टीला येऊन भिडतं. अस्तरातल्या पेशी आणि तिथे जमलेल्या टी-पेशी रँक-एल तयार करतात. म्हणजे उसवण्याची किल्ली हाडाच्या अगदी दाराशीच तयार होते.

किल्ल्यांचा हा कारखाना चालू ठेवणारे तीन-चार सायटोकाइन आहेत. टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-१७. सगळ्यांविषयी लिहीत बसत नाही, पण टीएनएफ समजून घ्या, कारण तो दोन्ही बाजूंनी नुकसान करतो. एकीकडे तो रँक-एल वाढवतो आणि कच्च्या पेशींना अधिक हळवं करतो, म्हणजे थोड्या किल्लीतही त्या कामाला लागतात. दुसरीकडे तो डीकेके-१ नावाचा रेणू वाढवतो, जो शिवणाऱ्या पेशींचे हात बांधून ठेवतो. तुमच्या आजारातला खळगा आपोआप सहसा भरून येत नाही, त्याचं हे मोठं कारण. शरीरात टीएनएफच्या उलट वागणारेही निरोप आहेत. इंटरफेरॉन-गॅमा हा सुजेतच तयार होणारा सायटोकाइन रँक-एलचं काम आतून रोखतो, हे जपानी संशोधकांनी २००० मध्ये दाखवलं. पण तुमच्या सांध्यात सध्या उसवणाऱ्यांचं पारडं जड आहे.

इंटरल्यूकिन-६ चा माग तुमच्या स्वतःच्या रिपोर्टवर आहे. सीआरपी, म्हणजे रक्तातलं सूज दाखवणारं प्रथिन, २४ लिहिलंय, तो आकडा पाहा. सीआरपी यकृत बनवतं, आणि ते बनवण्याचा निरोप मुख्यतः इंटरल्यूकिन-६ देतो. म्हणजे सांध्यातला निरोप रक्तातून यकृतापर्यंत पोचलाय. तिथे पोचतो तर मणक्यापर्यंतही पोचतोच. तुमचा मणका सुजलेला नाही, दुखतही नाही, तरी हाडाची घनता सांगणारा टी-स्कोअर उणे २.३ आला, त्यात या भटक्या निरोपांचा वाटा आहे. बाकीचा वाटा पाळी गेल्याचा आणि प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा. इस्ट्रोजेन असेपर्यंत ते या निरोपांना आवर घालत असतं. ते गेलं की टीएनएफ आणि रँक-एल दोन्ही वाढतात. तुमच्यावर तिन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या.

आता जे सांगते ते कृपा करून दोनदा वाचा.

१९९९ मध्ये टोरांटोतल्या संशोधकांनी संधिवात झालेल्या उंदरांना ऑस्टिओप्रोटेजेरिन टोचलं. सूज तशीच राहिली, पण हाड आणि कूर्चा वाचली. पुढे माणसांतही तेच दिसलं. रँक-एलला अडवणारं डेनोसुमॅब हे औषध मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांना देऊन पाहिलं, त्याचा अहवाल २००८ मध्ये आला. खळगे पडणं कमी झालं, सांध्याची सूज मात्र होती तेवढीच राहिली. याचा अर्थ असा की दुखणं, सूज आणि हाडाचं उसवणं ही एकाच आगीची धग असली तरी त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. एक कमी झालं म्हणजे दुसरंही थांबलं, असं धरून चालता येत नाही.

‘दुखलं की पेनकिलर घेते’ या तुमच्या वाक्याची मला काळजी वाटते ती यामुळेच. पेनकिलर दुखणं शमवते. त्या दिवशी बोटं कात्रीच्या कड्यात शिरतात, गणवेशाची ऑर्डर वेळेवर जाते. पण अस्तरात रँक-एल बनतच राहतो. दुखत नाही म्हणून तुम्ही मेथोट्रेक्सेट सोडता, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत हाड गुपचूप उसवत राहतं. उसवण्याचा आवाज येत नाही, ताई.

मेथोट्रेक्सेट त्या कारखान्याच्या मुळाशी काम करते. तिचा पूर्ण परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. म्हणजे दर वेळी सोडून तुम्ही परत सुरू करता तेव्हा पुन्हा शून्यापासून वाट पाहता. तीन वर्षांत तिला नीट काम करायची संधी किती वेळा मिळाली, एकदा मोजून पाहा. रागावून सांगत नाहीये. दर महिन्याला कुणीतरी मला हेच सांगतं, आणि बहुतेकांना गोळी का घ्यायची हे कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

ती ‘उष्ण पडते’ यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. तोंड येणं, मळमळ, दुसऱ्या दिवशी गळून जाणं, हे खरोखर होतं. पण त्यावर उपाय आहेत. फॉलिक ॲसिडची गोळी तुम्हाला लिहून दिलेली असेलच, ती डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी चुकवू नका. मेथोट्रेक्सेट रात्री जेवणानंतर घेऊन बघा. तरी सोसत नसेल तर तेच औषध कातडीखाली इंजेक्शननं देता येतं, पोटाचा त्रास बराच कमी होतो. रक्ताच्या पेशी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या ठरल्या वेळी करा. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा : ही गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत. कॅलेंडरवर वार ठरवून गोल करा, पाकिटावरही तो वार मार्करनं लिहा.

हे सगळं नीट करूनही तीन-चार महिन्यांनी सूज आणि सीआरपी खाली आले नाहीत, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘पुढचं औषध कोणतं?’ आहे त्यावर ढकलत राहू नका. सल्फासालाझिन, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन जोडता येतात. त्यापुढे नेमका एकेक निरोप अडवणारी औषधं आहेत. टीएनएफ अडवण्याची कल्पना लंडनमधल्या मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांची. १९९२ मध्ये त्यांनी पहिल्यांदा ती रुग्णांवर वापरून पाहिली. नंतरच्या अभ्यासांत असंही दिसलं की ज्यांच्या सुजेला फारसा उतार पडला नव्हता त्यांच्यातही हाडाचं नुकसान पुष्कळ थांबलं होतं. इंटरल्यूकिन-६ अडवणारं टोसिलिझुमॅब तर महाराष्ट्राला तोंडपाठ झालं होतं. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात त्याच्या एका इंजेक्शनसाठी लोक पुण्या-मुंबईत दुकानोदुकानी फिरत होते. ते मुळात तुमच्या आजारावरचं औषध. टोफासिटिनिबसारख्या गोळ्याही आहेत. या औषधांआधी क्षयरोग लपून बसलेला नाही ना, याची तपासणी करावीच लागते, कारण टीएनएफ क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवायचंही काम करतो. ती तपासणी कुणी टाळायला निघालं तर तुम्ही आग्रह धरा.

प्रेडनिसोलोनबद्दल. सुरुवातीला, मेथोट्रेक्सेट लागू पडेपर्यंत आधार म्हणून ते देतात, आणि त्यात गैर काही नाही. पण स्टिरॉइड शिवणाऱ्या पेशींचं आयुष्य कमी करतं, रँक-एल वाढवतं आणि त्याला पकडणारे कमी करतं. हाडाची सगळ्यात वेगानं होणारी घट पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच होते. रोज अडीच मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ चालणार असेल तर हाडांची वेगळी काळजी घ्यावी असं तज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे. तुमचे साडेसात मिलिग्रॅमचे आठ महिने झाले. तुम्ही मेथोट्रेक्सेट मध्ये-मध्ये सोडत असल्यामुळेच बहुधा डॉक्टरांना ते कमी करता आलेलं नाही. ही गोष्ट त्यांना सांगा. त्यांना वाटत असेल तुम्ही नियमित घेताय. आणि स्टिरॉइड स्वतःहून एका दिवसात बंद करू नका. शरीराची स्वतःची स्टिरॉइड बनवण्याची सवय मोडलेली असते, ते पायरीपायरीनंच उतरवायचं असतं.

पुडी घेऊ नका. नणंदेला तुमची कळकळ आहे, तिला दुखवू नका, पण घेऊ नका. ‘चार दिवसांत फरक’ हेच वाक्य मला घाबरवतं. सांध्याची सूज चार दिवसांत उतरवणारं सहसा एकच असतं, ते म्हणजे स्टिरॉइड. अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये ते मिसळलेलं वारंवार सापडलं आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तुमच्याच वयाच्या एक बाई आल्या होत्या. वर्षभर अशीच पुडी घेत होत्या, बाकी सगळं औषध बंद. सांधे छान चालत होते. चेहरा गोल झाला होता, दंडावर जरा दाबलं की निळं पडायचं. आल्या होत्या पाठीसाठी : पाण्याची घागर उचलली आणि पाठीत कट् झालं. दोन मणके दबले होते. त्या म्हणाल्या, ‘पण डॉक्टर, माझे हात तर बरे होते हो.’ आधीच साडेसात मिलिग्रॅम घेत असताना त्यावर किती जातंय हे माहीत नसलेली पुडी, हा धोका तुम्ही पत्करू नका.

आता टी-स्कोअर. उणे २.५ पासून खाली ऑस्टिओपोरोसिस म्हणायचं ही रेषा जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये आखली, त्यामुळे तुमच्या रिपोर्टवर ‘ऑस्टिओपेनिया’ असा सौम्य शब्द आलाय. त्या शब्दावर निर्धास्त होऊ नका. ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांत खुब्याचं हाड मोडण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट असतो, आणि तो केवळ घनतेच्या आकड्यात दिसत नाही. म्हणूनच हाड मोडण्याचा धोका मोजणाऱ्या फ्रॅक्स नावाच्या हिशेबात ऱ्हुमॅटॉइड आणि स्टिरॉइड या दोन वेगळ्या रकान्यांत खुणा कराव्या लागतात. भारतासाठीचं कोष्टक उपलब्ध आहे. डॉक्टरांना ते भरून पाहायला सांगा आणि हाडाचं औषध आता सुरू करावं का, हे विचारा. माझं मत, तुमचे तीन धोके एकत्र पाहता, सुरू करण्याकडे झुकतं.

त्यात आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेट आहे, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिड आहे. ॲलेंड्रोनेट घ्यायची तर सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याचा भरलेला पेला घेऊन, आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही, चहासुद्धा नाही. नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते आणि औषधही अंगी लागत नाही. ही गोळी आणि मेथोट्रेक्सेट दोन्ही आठवड्याच्या, म्हणून दोघींचे वार वेगवेगळे ठेवा.

वर सांगितलेलं डेनोसुमॅब दर सहा महिन्यांनी कातडीखाली देतात. ऱ्हुमॅटॉइडमधल्या इरोजनसाठी जपाननं त्याला २०१७ मध्ये मान्यता दिली. चांगलं औषध आहे, पण ते अडवून ठेवतं, मिटवत नाही. तारीख चुकली की दबलेला सगळा रँक-एल उसळून येतो, आणि पुढच्या काही महिन्यांत एकामागून एक मणके दबल्याची उदाहरणं आहेत. पैशांची आणि तारखांची खात्री असेल तरच सुरू करावं, आणि थांबवायचं झालं तर दुसरं औषध त्याच्या जागी बसवूनच थांबवावं.

दूध, नाचणी सोडू नका. तुमचा हिशेब मी मांडून पाहिला. दोन कप म्हणजे ३०० मिली दुधातून साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, एका नाचणीच्या भाकरीतून दोनशेच्या वर, गोळीतून ५०० धरले. डाळ, पालेभाजी, तीळ घातलेली चटणी यांतून उरलेलं. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० लागतं, ते तुमचं भरतंय. त्यावर आणखी गोळी नको. ड जीवनसत्त्व मात्र रक्तात एकदा तपासून घ्या. ६० हजार युनिटचं सॅशे बऱ्याच घरांत महिनोन् महिने दर आठवड्याला चालू राहतं, तसंही करू नका. किती आठवडे घ्यायचं ते विचारूनच घ्या.

मिश्रीला तुम्ही ‘तेवढीच एक सवय’ म्हणालात, पण माझ्या दृष्टीनं ती मोठी गोष्ट आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती हिरड्यांना लागते, आणि हिरड्या सुजून दात हलायला लागतात तेव्हा दाताखालचं हाड ज्या वाटेनं झिजतं ती वाटही हीच : सूज, सायटोकाइन, रँक-एल. शिवाय हिरड्यांच्या आजारातला एक जंतू शरीरातल्या प्रथिनांत असा बदल करतो की त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार व्हावीत, आणि तुमची अँटी-सीसीपी चाचणी जी प्रतिपिंडं मोजते ती अशाच बदललेल्या प्रथिनांविरुद्धची असतात. या आजाराची ठिणगी काही जणांत हिरड्यांतच पडत असावी असा संशोधकांचा कयास आहे. म्हणून मिश्री बंद करा आणि दातांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. तेही हाडाचं औषध सुरू करण्याआधी, कारण त्यानंतर दात काढायची वेळ आली तर क्वचित कधी जबड्याची जखम भरतच नाही.

काम बंद करायची गरज नाही. सकाळी कोमट पाण्यात दहा मिनिटं हात धरा, जड कापणं दुपारी करा, कात्रीच्या कड्यांना कापड गुंडाळा म्हणजे बोटाच्या त्या सांध्यावर दाब कमी येईल. रोज अर्धा तास चाला. मशीनच्या खोलीत जमिनीवर पडलेले कापडाचे तुकडे आणि वायर आवरून ठेवा. पाय अडकून पडणं तुम्हाला परवडणार नाही.

मुलीबद्दल. जवळच्या नात्यात हा आजार असेल तर धोका इतरांपेक्षा काही पटींनी जास्त असतो, पण मुळात तो इतका कमी असतो की बहुतेक मुलींना तो होत नाही. तिला काही त्रास नसताना अँटी-सीसीपी करून घेऊ नका. निकाल पॉझिटिव्ह आला तर तिच्या वाट्याला फक्त धास्ती येईल, आणि निगेटिव्ह आल्यानं पुढची खात्री मिळत नाही. तिच्या हातात मिश्रीची डबी जाऊ देऊ नका, आणि घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर तिच्याजवळ नको. कधी सकाळी उठल्यावर तिची बोटं सुजलेली असतील, मूठ वळायला अर्धा-पाऊण तास लागत असेल आणि हे सहा आठवडे टिकलं, तर तुमच्यासारखी वाट न पाहता तिला तुमच्या त्याच डॉक्टरांकडे घेऊन जा.